मुखपृष्ठावर एकच चेहरा

आमचे संपादक सिनेमा फक्त मध्यंतरापर्यंत बघायचे. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण केजसारख्या गावातून सिनेमाचं मासिक काढणारा हा माणूस मध्यंतराचे दिवे लागले की उठायचा, पँट झटकायचा आणि बाहेर येऊन परीक्षण लिहायला बसायचा. "पुढचं काय ते कळतंच की," म्हणायचे. "आणि सगळं आपणच सांगितल्यावर लोकांनी तिकीट कशाला काढायचं?" पुढे सिनेमे मोबाईलवर आले. तिथं मध्यंतर नसतं, म्हणून ते घड्याळ लावून बसायचे आणि निम्मा झाला की मोबाईल पालथा घालायचे. एकदा त्यांनी परीक्षणात ज्या पात्राच्या सज्जनपणाचं तोंडभरून कौतुक केलं, तेच शेवटी खुनी निघालं. एका वाचकानं मुद्दाम आमच्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन तसं सांगितलं. संपादक म्हणाले, "मध्यंतरापर्यंत तरी चांगला होता बिचारा."

मी त्यांच्याकडे बरीच वर्षं कामाला होते. डिझाईनर असं पाटीवर होतं, प्रत्यक्षात संगणकापुढे बसून पडेल ते काम. मासिक ही त्यांची हौस. सलूनमध्ये नंबर लावून बसलेली माणसं आणि स्टँडवर गाडी चुकलेली माणसं, हा आमचा वाचकवर्ग. दुकान चालायचं ते फ्लेक्सवर. वाढदिवस, निवड, सत्कार, पुन्हा वाढदिवस. वर नेते, मधे उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांची रांग. एकाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा नखभर लहान झाला तरी तो माणूस दुकानात येऊन बसायचा. गॉगल घातलेले, मोबाईल कानाला लावलेले, हात जोडलेले, असे चेहरे कापायचे, गोरे करायचे आणि रांगेत लावायचे. तालुक्यातले निम्मे पुरुष माझ्या हाताखालून गोरे होऊन गेले असतील. अधूनमधून श्रद्धांजलीचा फ्लेक्स यायचा तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. त्यात काम कमी असतं. एक फोटो घ्यायचा, रंग काढायचा, मागे करडं टाकायचं.

संध्याकाळी डोळे मिटले तरी आत चेहरेच दिसायचे. संपादकांना हे कळायचं. ते दाराजवळच्या स्टुलावर बसलेले असायचे, बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर अंगात, समोर चहाचा कप. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय ते त्याला हात लावत नसत. गरम चहा हा घाईच्या माणसांचा, असं त्यांचं म्हणणं. गार झालेला चहा एका घोटात संपवून म्हणायचे, "महिनाभर गर्दीच करतो आपण, ताई. एक दिवस तरी एका माणसाकडं नीट बघू." तो एक दिवस म्हणजे मुखपृष्ठाचा. त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर एकच चेहरा असायचा. नायक-नायिका दोघं गाजलेली असली तरी एकच. दुसरा आत. अक्षरंही मोजकीच, वर मासिकाचं नाव आणि खाली बारीक टाईपात सिनेमाचं.

मुखपृष्ठ झालं की त्याची परीक्षा व्हायची. मोठा कागद काढून तो दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर चिकटवायचा आणि आम्ही दोघांनी रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्याजवळ उभं राहायचं. मागे जीपांचा थांबा. धारूर, वडवणी असं ओरडणारे ड्रायव्हर, पिशव्या सांभाळणाऱ्या बाया. त्यातल्या कुणी कागदाकडे बघितलं की संपादक त्याच्या तोंडाकडे बघायचे. "मासिक हातात घेऊन बघणारा आपलाच असतो. रस्त्यापलीकडून बघतो तो परीक्षक," म्हणायचे. उन्हात उभं राहून माझे पाय दुखायचे, पण त्यांचं समाधान झाल्याखेरीज सुटका नसे.

आता मासिक बंद आहे आणि संपादक मुलाकडे पुण्याला असतात. त्यांचं नाव निघालं की मला ते शेवटच्या वर्षातलं मुखपृष्ठ आठवतं.

तात्या म्हणजे आमच्याकडचे मोठे जमीनदार. निवडणूक कुठलीही असो, त्यांची पांढरी गाडी आधी निघायची. त्यांच्या पुतण्यानं पुण्यात कसलासा कोर्स केला आणि परत येऊन भुताचा सिनेमा काढला. नाव ‘उसातली’. तात्या निर्माते, शूटिंग तात्यांच्याच उसात. उसाच्या फडात मेलेली बाई दर तोडणीला दिसते, अशी काहीतरी गोष्ट. सिनेमाचा गाजावाजा व्हायला मासिकाचं मुखपृष्ठ पाहिजे म्हणून काका-पुतणे दुकानात आले.

तात्यांनी खुर्चीत बसून फर्मावलं, "वर माझा फोटो घ्या. बाजूला आपले सरपंच. खाली सगळी पोरं, कुणी ऱ्हायला न्हाई पाहिजे. आन मधी भूत."

संपादक म्हणाले, "घेऊ की. पण एक विचारू का तात्या? सिनेमात ती बाई मरते कुठं?"

"उसात."

"ऊस कुणाचा?"

"माजाच की. तिथंच तर शूटिंग केलंय."

"मग वर तुमचा फोटो आणि त्याच्या खाली ती. बघणारे काय म्हणतील?"

तात्या जरा वेळ पंख्याकडे बघत राहिले. खाली सगळ्या पोरांचे फोटो म्हणजे तर आणखीच पंचाईत, हेही त्यांच्या ध्यानात आलं असावं. "आतल्या पानावर घ्या आमाला," म्हणाले आणि उठले. संपादकांनी आतली दोन पानं त्यांना देऊन टाकली.

पुतण्यानं सिनेमातले फोटो दिले होते. केस मोकळे, डोळे पांढरे, हनुवटीवरून लाल ओघळ. संपादकांनी पहिलाच फोटो बघितला आणि मान फिरवली. "हे मध्यंतरानंतरचं आहे," म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भुताच्या सिनेमात भूत धडपणे दिसतं ते उत्तरार्धात. आधी नुसती दारं वाजतात, पडदे हलतात. म्हणजे आयुष्यभर सिनेमावर लिहूनही या माणसानं पडद्यावरचं भूत बघितलेलंच नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ते जरा ओशाळले. "त्या बाईलाच बोलवून घ्या," म्हणाले.

ती आली. कौसाबाई. धारूरच्या बाजूच्या एका वस्तीवरची, चाळिशीच्या आसपासची. जीपमधून उतरून सरळ दुकानात आली आणि खुर्ची दाखवली तरी खालीच बसली. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. लग्नानंतर लवकरच नवरा वारला, तेव्हापासून माहेरीच. दरवर्षी धाकट्या भावाच्या, लिंबाजीच्या जोडीनं ऊसतोडीला जायची. त्यानं तोडायचं, हिनं मोळ्या बांधायच्या, अशी सारी वर्षं गेलेली.

"साहेब, मला लई भेसूर करू नका," ती आल्या आल्या म्हणाली.

मी म्हटलं, "अहो, भुताचं काम केलं ना तुम्ही?"

"केलं की. किंचाळ म्हणले, किंचाळले. त्याचं काई न्हाई. पर भावानं बोलणं टाकलंय."

मग तिनंच सगळं सांगितलं. पुतण्यानं तिला कुणाच्या तरी बारशात मोठ्यानं हसताना ऐकलं आणि हीच पाहिजे म्हणून हट्ट धरला. शूटिंग लांबलं, टोळी निघायचा दिवस आला, तरी ही गेली नाही. लिंबाजीला मुकादमाची बोलणी खावी लागली. शिवाय त्याची पोरगी लग्नाची. पाहुण्यांनी विचारलं की पोरीची आत्या काय करती, तर काय सांगायचं, हडळ हाय?

"गाडी निघताना सगळ्यांदेखत म्हणला, आजपासून तू आमाला मेलीस. मी फोन लावते तर कापतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लहानपणी मीच त्याला कडेवर घिऊन हिंडलेय. त्याचा राग ऱ्हात न्हाई लई. माजा फोटू जरा माणसावानी आला तर बगंल, आन बगून बोलंल. भाऊ बोलला न्हाई तर मला जायाला जागा कुठली?"

"मग सिनेमा घेतलाच कावून?" संपादकांनी विचारलं. ते एरवी पुस्तकी बोलायचे, पण समोरचं माणूस गावाकडचं बोलू लागलं की त्यांच्याही तोंडात ते यायचं.

"वाकून वाकून कंबर गेली, साहेब. वाटलं, एक हंगाम तरी सरळ उभं ऱ्हावं."

 संपादकांनी तिला दुकानाच्या दारात उभं केलं आणि स्वतः फोटो काढला. केस मोकळे नाहीत, लाल ओघळ नाही. डोक्यावर पदर आणि समोर बघणारी बाई. साडीचा केशरी रंग डोळ्यांत जात होता म्हणून मला म्हणाले, "रंग काढून टाका. गोरं मात्र करू नका, आणि डोळ्यांना हात लावू नका." मी रंग काढला, मागे करडं टाकलं. त्या आठवड्यात माझ्या हातून तेच चाललं होतं, हात आपसूक वळला.

पुतण्या बघून म्हणाला, "साहेब, पण ह्यात भूत कुठंय?"

"हेच भूत," संपादक म्हणाले. "ओळखीचं माणूस असलं तरच भीती वाटते. अनोळखी भुताला काय भ्यायचं, ते आपल्याला ओळखतसुद्धा नाही." पुतण्याला हे फारच भारी वाटलं. मला ते पटलं की नाही हे आता सांगता येणार नाही. संपादक भुतासाठी नव्हे, त्या बाईच्या भावासाठी मुखपृष्ठ करत होते, एवढं मात्र मला कळत होतं, आणि त्या दिवशी मला त्या माणसाचा फार आदर वाटला.

शटरवर कागद लागला. आम्ही चहाच्या गाड्याजवळ उभे राहिलो. एरवी मुखपृष्ठ लागलं की जीपवाले काहीबाही ओरडायचे, शिट्ट्याही मारायचे. यावेळी कुणी हूं की चूं केलं नाही. बाजाराची पिशवी घेऊन चाललेली एक बाई थांबली, पिशवी खाली ठेवली, क्षणभर हात जोडले आणि गेली. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. धारूरच्या जीपवाल्यानं गाडीतलं गाणं बंद केलं.

संपादकांच्या तोंडावर इतका आनंद मी आधी कधी बघितला नव्हता. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बघितलं? भीती अशी असते, ताई. तिला आवाज नसतो."

पुतण्यानं मुखपृष्ठाचा फोटो त्याच्याकडे असतील नसतील त्या सगळ्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला ते कोण सांगणार. अंक अजून छापायचा होता, आतल्या पानांवर तात्यांची पोरं वाढतच होती. मी पुन्हा चेहरे कापायला बसले.

नंतर एका दुपारी एक माणूस शटरसमोर येऊन उभा राहिला. हातात पोतं, कपड्यांवर उसाच्या चिकाचे डाग, गालांवर पाचटानं कापल्याच्या रेघा. मला वाटलं गिऱ्हाईक असेल, येईल आत. तो आत आला नाही. कागदासमोर उभ्याचा बसला आणि पायरीवर हमसून हमसून रडायला लागला. संपादक चहाचा कप घेऊन तसेच बाहेर गेले.

"माती झाली का?" त्यानं विचारलं.

"कुणाची?"

"आक्काची." त्यानं कागदाकडे हात केला. "का ठिवलीय माज्यासाठी? कुनी काई सांगंना. वस्तीवर फोन लागंना. हितं उतरलो धारूरची जीप धरायला, तर हितंबी तिचाच फोटू."

मी उठून दारात आले. तो लिंबाजी होता.

संपादक त्याच्याशेजारी पायरीवर बसले. "अहो, जिवंत आहेत त्या. हे सिनेमाचं आहे. खाली लिहिलंय बघा."

"अक्षरं कोण वाचतंय, साहेब? फडावरच्या पाचटाच्या कोपीत एकानं मोबाईलमधी दावलं. काच फुटल्याली त्याची. पर तोंड वळखायला काच कशाला लागती? कोयता तिथंच टाकून निघालो." मग तो संपादकांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मला सावकाश सांगायच्या भानगडीत पडू नका. जीपमधी मी रडून घेतलंय."

"तुमच्या गळ्याची शपथ, जिवंत आहेत."

"मग एकलीचा फोटू कावून?" त्याचा आवाज चढला. "जित्या मानसाला एकलं कोन लावतंय? वर कुनी न्हाई, खाली कुनी न्हाई, शेजारी कुनी न्हाई. आपल्यात एकला फोटू कवा लागतो, तुमाला ठावं न्हाई का?"

संपादकांनी मान वर करून शटरकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे जीपांच्या थांब्याकडे बघितलं. तिथं टोपी काढणारा म्हातारा त्यांना आठवला असणार, मला तर आठवलाच. दुकानात आयुष्य घालवलेली आम्ही दोन माणसं, रोज हेच फ्लेक्स करणारी, आणि आम्हाला हे दिसू नये. संपादकांचे खांदे एकदम खाली आले. कपातला चहा कधीच गार झाला होता, पण ते प्यायचं विसरले.

मी पुतण्याला फोन करून कौसाबाईला असेल तशी घेऊन यायला सांगितलं. तोवर लिंबाजी पायरीवरून हलला नाही. आत या, पाणी घ्या, म्हटलं तरी नाही. मधेच बोलायचा, ते आम्हाला उद्देशून होतं असंही नाही. "मेलीस म्हणलतो मी तिला. सगळ्यांम्होरं म्हणलतो. रागात मानूस बोलतं. ते लगेच खरं करायचं असतंय का?" संपादकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हातही त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही.

मोटारसायकल आली. कौसाबाई उतरली, पदर सावरला. लिंबाजी उठला, दोन पावलं गेला आणि पुन्हा मटकन खाली बसला. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मेले म्हणून आलास," ती म्हणाली. "जित्ती व्हते तवा फोन कापत व्हतास."

 त्यानं तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि दाबून बघितलं. "हात गरम हाय तुजा," म्हणाला.

"आसंल न्हाई तर. भूत न्हाई मी, शूटिंग संपलंय." आणि तिनं त्याच्या डोक्यावर एक हलकी चापट मारली. मग मात्र ती तिथंच रस्त्यात बसली आणि दोघंही रडली. जीपवाले येऊन भोवती उभे राहिले होते. पुतण्या मोबाईल काढायला लागला तेव्हा मी त्याच्या हातावर फटका दिला.

रडणं ओसरल्यावर लिंबाजी उठला. "ह्ये आधी काढा," शटरकडे बोट करून म्हणाला.

"काढतो," म्हणत संपादक कागद सोडवायला गेले.  मागून कौसाबाई म्हणाली, "काढू नका वो. माजा चांगला आलाय फोटू. आजवर कवा आला न्हाई आसा."

संपादक कागदाचा कोपरा धरून तसेच थांबले. बहीण म्हणते राहू दे, भाऊ म्हणतो काढा. लिंबाजीनं तोंड पुसलं, कागदाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मग तिच्या खाली माजा टाका. म्हंजी बगणाऱ्याला कळंल, बाई जित्ती हाय. तिला मानूस हाय."

"मुखपृष्ठावर एकच..." संपादकांच्या तोंडून सवयीनं निघालं आणि तिथंच अडकलं. तात्यांना हसत हसत आतल्या पानावर पाठवणारा हा माणूस पाचटानं कापलेल्या त्या तोंडाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ताई, जागा होईल का?"

"होईल," मी म्हटलं.

"नाव काय लिहायचं खाली?" त्यांनी लिंबाजीला विचारलं.

"नाव कशाला? भाऊ म्हणून ल्ह्या."

संपादकांनी त्याला दुकानाच्या दारात उभं केलं. कॅमेरा डोळ्याला लावला. लिंबाजी ताठ उभा, हात दोन्ही बाजूंना चिकटलेले, डोळे सुजलेले, तोंड उतरलेलं. संपादक काही केल्या बटण दाबेनात. शेवटी कौसाबाईच त्यांच्या मागून पुढे झाली, पदराच्या शेवानं भावाचे गाल पुसले आणि म्हणाली, "लिंबा, हास रं जरा. न्हाईतर लोकं म्हणतील, दोघंबी गेली."